उठलं का बटन बंद

मशीन पुन्हा मेलं आणि मॅनेजरने माझ्या बादलीकडे बोट दाखवलं.

“हीच! दर वेळेला हीच असते इथे. भोंगा वाजला की ही पोछा घेऊन आत शिरते आणि मशीन बंद पडतं. संध्याकाळी हिचा हिशोब करा आणि घरी पाठवा.”

मी हातात ओलं फडकं घेऊन उभी होते. पाणी माझ्याच पायावर गळत होतं. पडद्यावर हिरव्या आकड्यांच्या ओळी येऊन थिजल्या होत्या. बाहेर वजनकाट्यावर कापसाच्या बैलबंड्या थेट रस्त्यापर्यंत लागलेल्या, आणि बैल गप्प असले तरी त्यांचे मालक गप्प नव्हते. कारकून, स्टोअरकीपर, शिपाई, सगळे दारात जमून माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, यांना घरी जेवणं नाहीत का.

त्या गर्दीतून एक बाई आत आली. चपला हातात, खांद्याला कापडी पिशवी, केस तेल लावून चापून बसवलेले आणि अंबाड्यात खुपसलेली पेन्सिल. ती सरळ पडद्यापाशी गेली. पेन्सिल काढली, पडद्यावरचे आकडे एका कागदावर उतरवले, पेन्सिल परत केसांत खोचली आणि मग मॅनेजरला म्हणाली, “साहेब, यांना आधी उरलेलं पुसू द्या. अर्धी फरशी ओली आहे. मी घसरले तर मशीन कोण उठवणार?”

“तुम्ही कोण?”

“नगराळे. मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून.”

“मी इंजिनिअर मागवला होता.”

“हो. तोच आलाय.”

मॅनेजर बाजूला सरकला. मी उरलेली फरशी पुसली. तेव्हापासून मी तिला नगराळे बाई म्हणू लागले. वयाने ती माझ्याहून पुष्कळ लहान होती, पण ज्या माणसाने आपल्याला फरशी पुरी पुसू दिली त्याला नुसतं नावाने हाक मारवत नाही.

ही गोष्ट सेलूत नुकते रंगीत टीव्ही आले तेव्हाची. नागपूर रोडला आमचं जिनिंग आणि सूतगिरणी एकाच आवारात होतं. गिरणीच्या लोकांनी मोठ्या हौसेने कॉम्प्युटर आणला. एका बंद खोलीत कपाटाएवढं मशीन, आणि त्याला वायरीने जोडलेले चार-पाच टीव्ही: एक हिशेबाच्या खोलीत, एक स्टोअरमध्ये, एक काट्यावर, असे. त्यावर बातम्या लागत नाहीत हे कळल्यावर निम्म्या लोकांचा उत्साह तिथेच गेला.

माझी नोकरी त्या मशीनमुळेच होती. गिरणीत रुईचे तंतू हवेत उडतात आणि जिथे जागा सापडेल तिथे जाऊन बसतात. माझा नवरा सूत कातायच्या रिंग खात्यात होता, त्याच्या छातीत जाऊन बसले. तो गेल्यावर मला झाडायला-पुसायला घेतलं. मशीनची छाती नाजूक, तिथे तंतू गेलेला चालत नव्हता, म्हणून त्या खोलीला एक बाई कायमची पाहिजे होती. दोन पोरी शाळेत होत्या. मशीन गेलं तर मी गेले, आणि मशीन माझ्यामुळे मरतं असं ठरलं तरी मी गेले. मी चौथीच शिकले आहे, पण एवढं गणित मला येत होतं.

पावसाळाभर मशीन ठणठणीत होतं. दिवाळी झाली, कापूस यायला लागला आणि दुपारचा भोंगा वाजला की ते मरायला लागलं. रोज नाही, पण बंड्यांची गर्दी असली की हमखास. ते पुन्हा सुरू व्हायला कुकरशिवाय डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ लागे. तेवढा वेळ काटा बंद. शेतकरी ओरडत, गिरणीचे डायरेक्टर मॅनेजरवर ओरडत, आणि मॅनेजरला ओरडायला मी होते.

नगराळे बाईने त्याच्याकडून मुदत मागून घेतली. “पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत,” मॅनेजर म्हणाला. “त्या दिवशी काट्यावर सगळ्यात जास्त बंड्या असतात. त्या दिवशी बंद पडलं तर तुमचं मशीन ट्रकमध्ये भरून देतो, आणि ही बाईही नको मला.”

“चालेल,” नगराळे बाई म्हणाली. मला विचारलं कोणी नव्हतं, म्हणून मी काही म्हटलं नाही.

ती आमच्याच भागातली, गिरडच्या अलीकडच्या खेड्यातली. बौद्धाची पोर. बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा. ती नागपूरला शिकली, मग मुंबईला, आणि पुण्याच्या कंपनीत लागली. तिच्याकडे तीन भाषा होत्या. फोनवर इंग्रजी, साहेबांशी शाळेच्या पुस्तकातली मराठी, आणि माझ्याशी व मशीनशी वऱ्हाडी. मशीनशी ती सगळ्यात जास्त बोले. “काऊन मरून राह्यला बे तू? काय दुखते तुले? सांग ना, लेका.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आत कोणी माणूस आहे.

खुर्चीवर ती मांडी घालून बसे. पाय खाली सोडले की डोकं चालत नाही म्हणे. पिशवीत कायम भाजलेले हरभरे असत, आणि ती विचारात पडली की एकेक दाणा सोलून खाई. मशीन काही मोठं काम करत असलं म्हणजे ती वाट पाहत खातच राही, आणि टरफलं मलाच झाडावी लागत. एकदा म्हटलं, “बाई, रुईनं मशीन मरते म्हणता अन् तुमच्या फोलपटानं नाई मरत का?” तर म्हणाली, “हरभरा जड असते गिरजाबाई, उडत नाई.” पण त्यानंतर टरफलं पदरात गोळा करून बाहेर टाकायला लागली.

ऑफिसात तिला चहा वेगळ्या कपात येई, कानतुटक्या. कोणी ठरवलं ते कळलं नाही. असलं कोणी ठरवत नाही, ते होतं. दुसऱ्या दिवशी तिने तो कप फिरवून फिरवून पाहिला आणि शिपायाला विचारलं, “हा माझाच ना? नक्की? दुसरं कोणी वापरणार नाही?”

शिपाई खाली पाहून म्हणाला, “हो जी, तुमचाच.”

“बरं झालं. माझ्या पेन्सिली सारख्या हरवतात.” आणि त्यात तिने पेन्सिली उभ्या केल्या. चहा मग ती माझ्याबरोबर पिई, माझ्या स्टीलच्या पेल्यात. दुपारी मी तिच्या डब्यातलं खाई, ती माझ्या. यात माझा काही मोठेपणा नाही. तिच्या आईचा ठेचा चांगला होता.

पहिल्याच दिवशी तिने माझी परीक्षा घेतली. मॅनेजरला आणि दारातल्या सगळ्यांना बोलावलं आणि मला म्हणाली, “गिरजाबाई, झाडू घ्या. अन् रोज मारता तसा वायरीवर मारा.”

“मी वायरीवर झाडू मारत नाई,” मी म्हटलं.

“मालूम आहे. पण साहेबाले वाटते मारता. तं मारा.”

मी हळूच मारला.

“जेवल्या नाई का सकाळपासून? जोरात!”

मग मी मारला. मशीनच्या मागच्या वायरींना झोडपलं, पोछा पिळून पाणी सोडलं, बादली आपटली, मशीनच्या कपाटाला खांदाही दिला. आठवडाभराचा राग होता, तो निघाला. पडदा जागचा हलला नाही. नगराळे बाई हरभरे खात म्हणाली, “साहेब, बाई दमली, मशीन नाही.”

मॅनेजर म्हणाला, “आता नाही पडलं. भोंग्याला पडतं.”

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या वेळेला तिने मला आवाराबाहेर, फाटकाजवळच्या बाभळीखाली बसवलं. तिथून मी पाहिलं, बंड्या हळूहळू पुढे सरकत होत्या. भोंगा वाजला. थोड्या वेळाने सरकणं थांबलं आणि ओरडा सुरू झाला. मला समजलं की मशीन मेलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. झाडू हातात नव्हता, खोलीत मी नव्हते, तरी मेलं!

मॅनेजरने तरीही माझं नाव घेणं सोडलं नाही. आता तो म्हणायला लागला की मशीन आधीच्या झोडपण्याने बिघडलं असेल. स्टोअरकीपरचं म्हणणं पडलं की बाईचा पायगुणच तसा, ती बाभळीखाली असली तरी काय. त्याने मशीनवर लिंबू-मिरची आणून टांगली. मला वाटलं नगराळे बाई भडकेल. तिने लिंबू दाबून पाहिलं आणि म्हणाली, “रसाळ आहे. राहू द्या.” रोज जेवताना ती ते लिंबू सोडवून भाजीवर पिळी आणि साल परत दोऱ्याला बांधून ठेवी. स्टोअरकीपरला कधीच कळलं नाही. नवं लिंबू आणलं की तेही जाई.

पण दिवस जात होते आणि मशीन मरत होतं. बाई हसत असली तरी तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. बाजार दोन दिवसांवर आला तेव्हा तिने एक स्टूल ओढलं आणि मला म्हणाली, “बसा. मी तुमाले मशीन समजावून सांगते.”

“मले कायले?”

“मी बोललो का मले समजते. नुसत्या भिंतीशी बोलता येत नाई.”

“मंग साहेबाले सांगा ना, शिकलेले आहेत.”

“थे मान हलवतात,” ती म्हणाली. “सगळ्याले हो हो करतात. मान हलली का मले वाटते माझं बरोबर आहे. तुमी हलवत नाई. नाई समजलं तं नाई म्हणा, बस.”

ते मला जमण्यासारखं होतं. मी बाजारासाठी चिंच फोडायला घेतली होती, ती घेऊन स्टुलावर बसले. ती खुर्चीवर मांडी घालून सांगायला लागली. ते जेवढं कळलं तेवढं लिहिते, चुकलं तर तिची चूक नाही.

मशीनच्या पोटात एक मूळ प्रोग्राम असतो, त्याला ते कर्नेल म्हणतात. बाकीची सगळी कामं त्याच्या जिवावर चालतात. हिशेबाचा प्रोग्राम मेला तर हिशेब मरतो, पण हा मेला की सगळंच मरतं. प्रत्येक टीव्हीचं घर कुठे आहे त्याचा पत्ता त्याच्याकडे असतो. काट्यावरच्या टीव्हीला काही पाठवायचं झालं की त्याचा पोस्टमन पत्ता पाहतो आणि तिथे जातो.

“अन् मेलं त्या वेळी थो शून्य नंबरच्या घरी गेलता,” बाई म्हणाली. “थे मले पहिल्याच दिवशी दिसलं, पडद्यावर लिहून होतं. पण शून्य नंबरचं घरच नाई. तिथं जमीनच नाई. पाय टाकला का खड्ड्यात.”

“तं पत्ता शून्य कोणं लिवला?”

“कोणी टीव्ही बंद केला का पत्ता पुसून तिथं शून्य लिहायचा. म्हणजे इथं कोणी राहत नाई.”

“मंग पोस्टमन कायले जाते तिथं? आंधळा हाय का?”

“थो पाहत नाई. पत्ता हाय म्हणून गृहीत धरते अन् चालाले लागते. थो पोस्टमन मीच लिवला. मीच कायले पाहाले लावलं नाई त्याले? कारण...” तिने हरभरा सोलला आणि खाल्ला नाही. “कारण आपल्याशी कोणी बोलून राह्यलं असतानी मधातच बटन बंद करून कोण जाईल? असा माणूस जगात असते का? नाई ना?”

“मले नाई समजलं,” मी म्हटलं.

“मलेही नाई,” ती म्हणाली आणि कपाळ धरून बसली. “पुण्यात, मुंबईत, मद्रासला मशीन चालून राह्यलं. तिथं नाई पडत. इथंच पडते. इथं काय वेगळं आहे?”

ती बराच वेळ बोललीच नाही. माझी चिंच फोडून झाली होती. चहाची वेळ झाली म्हणून मी टोपली उचलली, दाराशी गेले आणि दिव्याचं बटण दाबून बाहेर आले.

खोलीला खिडकी नव्हती. आतून आवाज आला, “गिरजाबाई! मी आत आहे!”

मी परत फिरले आणि बटण दाबलं. “सुद नाई राह्यली, बाई. सवय आहे. उठलं का बटन बंद.”

ती तशीच मांडी घालून बसली होती, हरभरा बोटांत धरून. “मी तुमच्याशी बोलून राह्यली होती,” ती म्हणाली.

“तुमी गप होत्या.”

“मी बोलून राह्यली होती अन् तुमी उठल्या अन् बटन बंद केलं.” ती खुर्चीवरून उतरली. “कोणं शिकवली ही सवय?”

“घोडमारे काकानं. इथं सगळेच करतात.”

“घोडमारे काका कोण?”

“काट्यावर बसतात थे.”

ती चपला न घालता पळाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आवारात खडी पसरलेली होती. मी तिच्या चपला घेऊन मागे गेले.

घोडमारे काका आष्टीकडचे. तरुणपणी बेचाळीसात तुरुंगात जाऊन आलेले, अंगात खादी, नंतर बरीच वर्षं एका आश्रमात काढलेली. गिरणीतून निवृत्त झाले होते, तरी काट्यावर त्यांनाच बसवत, कारण त्यांनी सांगितलेल्या वजनावर शेतकरी वाद घालत नसत. त्यांना एकच वेड होतं. जागेवरून उठलं की दिवा, पंखा, नळ, जे चालू असेल ते बंद. पंख्याखाली दुसरा कोणी बसला असेल तर तो पुन्हा लावेल, पण आपण उठलो तर आपण बंद करायचं. त्यांनी आख्ख्या गिरणीला ही सवय लावली होती. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगत, “उठलं का बटन बंद. ही वीज कोणाच्या बापाची नाई, देशाची आहे.” मॅनेजर स्वतः केबिनमधून निघताना बटण दाबायचा.

नगराळे बाई धापा टाकत काट्याच्या खोलीत शिरली तेव्हा काका एका बंडीचं वजन टीव्हीवर भरत होते.

“काका, भोंगा झाला का तुमी काय करता?”

“जेवाले जातो.”

“त्याच्या आधी?”

“उठतो.”

“अन्?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, ही बाई शहाणी आहे की कसं. “अन् बटन बंद करतो. चालू ठेवू का? बिल तू भरशील का, पोरी?”

“मधातच? गर्दीत पावती येऊन राह्यली असली तरी?”

“पावती आल्यावर दिसतेच मंग. मी यंत्राची वाट नाई पाहत. यंत्रानं माझी पाहावी.”

तिने मला मशीनच्या खोलीत पडद्यापाशी उभं केलं आणि स्वतः काट्यावर परत गेली. काकांना म्हणाली, भोंगा झाला असं समजा. मला काट्यावरचं दिसत नव्हतं. मला एवढंच दिसलं की पडद्यावर अक्षरं पळत होती आणि एकदम हिरव्या आकड्यांच्या त्याच ओळी येऊन थिजल्या. मी बाहेर तोंड काढून ओरडले, “मेलं!”

तिकडून बाईची आरोळी आली. लग्नात वरात दारी आल्यावर देतात तशी.

मी परत काट्यावर पोचले तेव्हा काका खुर्चीत बसून राहिले होते. चेहरा उतरलेला. “माझ्यामुळं?” ते विचारत होते. “येवढे दिवस माझ्यामुळं लोकायच्या बंड्या उन्हात उभ्या होत्या? अन् शिव्या गिरजाबाईनं खाल्ल्या?”

“नाई काका,” बाई म्हणाली. “तुमी बटन बंद केलं. बटन बंद कराले असते. म्या लिहिलं थे कच्चं होतं.”

तोवर मॅनेजर आला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो खूश झाला. त्याला फार सोपं सापडलं होतं. “म्हणजे म्हाताऱ्याचा घोटाळा. मी आजच नोटीस लावतो, काट्यावरच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही. आणि घोडमारे, तुम्ही आता आराम करा घरी.”

“नोटीस लावू नका,” बाई म्हणाली. आता ती पुस्तकातली मराठी बोलत होती. “उद्या वीज जाईल. परवा उंदीर वायर कुरतडेल. उंदराला नोटीस वाचता येते का? काका बटण बंद करणारच, आणि मशीन उभं राहिलंच पाहिजे. चूक मशीनमधली आहे, आणि ती ओळ मी लिहिलेली आहे. मी, नगराळे. बाईने नाही, काकांनी नाही. एकदा सगळ्यांसमोर ऐकून घ्या म्हणजे नंतर शोधायला नको.”

दारात नेहमीची मंडळी जमलीच होती. सगळ्यांनी ऐकलं. स्टोअरकीपर हळूच म्हणाला, “म्हणजे लिंबाचा उपयोग नव्हता?”

“होता,” बाई म्हणाली. “फार उपयोग झाला.”

त्या संध्याकाळी पुण्याहून तिच्या साहेबाचा फोन आला. ऑफिसात मी टेबलं पुसत होते. आधी ती इंग्रजीत बोलत होती, मग पलीकडचा आवाज वाढला आणि ती मराठीत आली.

“हो सर, मीच सांगितलं त्यांना... नाही, वीज कमीजास्त होते असं नाही म्हणू शकले... म्हटलं असतं तर त्यांना पटलं नसतं, त्यांनी बाईलाच काढलं असतं, सर... झाडणाऱ्या... हो, त्याच... नाही सर, बाकीच्या गिऱ्हाइकांनाही सांगावंच लागेल. त्यांच्याकडे अजून कोणी बटण बंद केलं नाही एवढंच आहे... बरं. बरं. ठेवते.”

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “काय म्हणे?” मी विचारलं.

“म्हणे, घरातली चूक बाहेर कायले सांगतली. म्हटलं, घरात ठेवून काय लोणचं घालू तिचं?” हे ती फोनवर बोलली नव्हती, मी ऐकत होते. पण बोलायला पाहिजे होतं ते तिने माझ्यापाशी बोलून घेतलं.

दुरुस्ती तिने दुसऱ्या दिवशी केली. मला वाटलं होतं मोठं काही असेल. दोन ओळी लिहिल्या, आणि मशीन त्या पचवेपर्यंत आम्ही दोघींनी एक पिशवी हरभरा संपवला.

“येवढंच?” मी म्हटलं.

“येवढंच. जायच्या आधी पाहाचं का घर आहे का नाई. नसलं तं गपचाप परत याचं.”

“हे पहिलेच नाई सुचलं?”

“नाई सुचलं,” ती म्हणाली. याच्यावर तिने काही लांबण लावली नाही, हे मला आवडलं.

बाजाराच्या दिवशी बंड्यांची रांग फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेने गेली होती. मॅनेजर मशीनच्या खोलीत हाताची घडी घालून उभा. मला त्याने मुद्दाम पोछा घेऊन आत बोलावलं होतं. काय व्हायचं ते एकदाच होऊ दे म्हणे. बाई खुर्चीत मांडी घालून. काट्यावर घोडमारे काका, त्यांना तिने बजावून ठेवलं होतं की पावती अर्धी आली की उठा, माझी दया करू नका.

भोंगा वाजला. मी फरशीवर फडकं टाकलं आणि पडद्याकडे पाहिलं नाही. पुसत राहिले. दारापासून मशीनपर्यंत पुसून झालं, मशीनच्या मागे गेले, वायरींखालून फडकं फिरवलं. बाहेरून अजून काही ओरडा येत नव्हता. मग काका जेवणाचा डबा हातात घेऊन दारात आले आणि विचारलं, “मेलं का?”

“नाई काका,” बाई म्हणाली. “जा, जेवा.”

मॅनेजर घडी सोडून निघून गेला. जाताना पाय ओल्या फरशीवरच ठेवून गेला, ती मला पुन्हा पुसावी लागली.

ती दुपारच्या एसटीने जाणार होती. पिशवी भरली. कानतुटका कप पेन्सिलींसकट तिथेच ठेवला. दोऱ्याला टांगलेलं लिंबू दाबून पाहिलं, त्यात काही उरलं नव्हतं. मी मशीनमागे वाकून कोपरे काढत होते. “जातो गिरजाबाई,” ती म्हणाली. “येजा,” मी म्हटलं. रडण्या-बिडण्याचं दोघींनाही काही कारण नव्हतं.

आणि अंधार झाला.

“बाई!” मी मशीनमागून ओरडले. “मी आत आहे ना!”

बाहेरून तिचं हसणं आणि आवाज आला, “उठलं का बटन बंद!”

चाचपडत येऊन मी बटण दाबलं आणि बाहेर आले, तोवर ती बंड्यांच्या रांगेच्या कडेने फाटकापर्यंत पोचली होती. पिशवी खांद्याला, पेन्सिल केसांत, चपला हातात. घालायच्या विसरली होती. एका बैलाने तिच्या पिशवीला तोंड लावलं, हरभऱ्याचा वास आला असेल. तिने त्याच्या तोंडावर चापट मारली आणि रस्त्याला लागली.

पुढच्या हंगामात मशीन पाहायला दुसराच इंजिनिअर आला. तो बूट घालून खोलीत शिरला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, प्रत्येक गिऱ्हाइकाकडे माणूस पाठवून ते बदलावं लागलं, कंपनीची फार नाचक्की झाली, नगराळे मॅडमकडून ते काम काढून घेतलं आणि मग त्याच सोडून गेल्या. नागपूरला कुठल्याशा कॉलेजात शिकवतात म्हणे. मुलांना मान हलवू देत नसतील.

त्या बाजाराच्या दिवशी आम्हा दोघींची नोकरी टांगणीला होती. तिची गेली. काका पुढची चार-पाच वर्षं काट्यावर बसले, बसल्या जागी गेले, आणि त्यांच्या समोरचा टीव्ही बंद होता. मी गिरणीला कुलूप लागेपर्यंत ती खोली पुसली.